आंदणातलं माणूस

८ जुलै १९९६
ही डायरी गेल्या सालची आहे. कुणा मुलीनं कोरीच टाकून दिली होती, मेसच्या पायरीवर सापडली. छापलेले वार जुळत नाहीत. मी त्यांच्यावर रेघ मारते. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं जे वाचलं ते चुलीपुढं बसून, दुसऱ्याच्या जुन्या पुस्तकांतून. लिहायची मात्र सवय नाही. चार ओळींत हात भरून आला.

इथं माझं नाव राही. खरं नाव डायरीतही लिहायचं नाही असं ठरवलंय.

हे नगरमधलं कॉलेजच्या मुलींचं वसतिगृह. मेस झुंबरबाई चालवतात. मी भाकऱ्या थापते, भाज्या चिरते, भांडी घासते. काम हलकं आहे. गुरं नाहीत, शेण नाही, उसाचं पाचट नाही. दुपारी दोन वाजता झुंबरबाई म्हणतात, "आता पड जरा." पहिल्या दिवशी मला वाटलं, काहीतरी चुकलं म्हणून कामावरून काढतायत.

११ जुलै
झुंबरबाईंनी कोठीशेजारची खोली रिकामी करून मला दिली. आधी तिथं कांद्याची पोती होती. सुताराला बोलावून दाराला आतून कडी बसवून घेतली. मी विचारलं, "बाहेरून कडी नाही का बसवायची?"
"बाहीरून कशाला? तू काय म्हैस हायेस?" असं म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

त्यांचा माझ्यावर विश्वास नाही हे मात्र कळलंय. मला बाजाराला पाठवत नाहीत. फाटकाशी भाजीवाला आला की स्वतः उठतात, मला म्हणतात, "तू आतच थांब." हातात पैसे पडले तर पळेल असं वाटत असणार. वाटणारच. पळालेल्या माणसाचं तोंड लपत नसावं.

२१ जुलै
रविवारी संध्याकाळची मेस बंद असते. मुली बाहेर गेल्या. मला काही काम उरलं नाही म्हणून पातेली पुन्हा घासायला घेतली.
"राही, ती घासलेलीच हायेत. बस," झुंबरबाई म्हणाल्या.
बसले. पण नुसतं बसून काय करायचं ते कळेना. म्हणून खोलीत येऊन लिहिते.

मी श्रीगोंदा तालुक्यात नदीकाठच्या एका मळ्यावर होते. दहा वर्षांची असताना बापानं नेऊन ठेवलं. थोरल्या भावाच्या दुखण्यासाठी त्यानं मालकाकडून उचल घेतली होती. भाऊ वाचला नाही. पुढं बाप गेला, आई गेली, उचल तेवढी राहिली. किती होती, किती फिटली, मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

मालक फार वाईट होते असं मी म्हणणार नाही. कामात चुकलं तरच मारायचे. घरातल्यांचं झालं की जेवायला मिळायचं. दिवाळीला आक्का, म्हणजे मालकीणबाई, जुनं लुगडं द्यायच्या. झोपायला गोठ्याची पडवी. मळ्याच्या बांधाबाहेर पाऊल टाकायचं नाही, एवढी एकच ताकीद. आईच्या मातीला जायला निघाले होते तेव्हा मालक म्हणाले, "तू गेलीस की तुझ्या बापाच्या अंगठ्याचा कागद घेऊन मी पोलिसात जाईन." मी माघारी फिरून धारा काढायला बसले.

मग माधुरीताईचं लग्न ठरलं. ती मालकांची लेक, मीच कडेवर खेळवलेली. तिचीच जुनी पुस्तकं मी वाचायची. एका दुपारी ओसरीवर आंदणाचं बोलणं चाललं होतं. मी पाणी घेऊन गेले. मालक व्याह्यांना म्हणत होते, "कपाट, पलंग, एक गाभण गाय आन् ही चांगुणा. घरकामाची काळजीच न्हाई तुमाला."
व्याह्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वय काय हिचं?"
"हाय अजून लई वर्षं कामाची."
गाईचंही त्यांनी असंच विचारलं होतं.

नाव लिहून गेले. राहू दे आता.

त्या दिवसापासून मला जेवण जाईना. मळ्यावर सहादूमामा होते. ते मामा नात्याचे नाहीत. माझ्या आधीपासून तिथं राबणारे. मी नवी असताना रडायची, तेव्हा झोप लागेपर्यंत माझ्याजवळ बसून राहायचे. काही बोलायचे नाहीत, नुसते बसायचे. लिंबं भरायला आलेल्या टेम्पोवाल्याला त्यांनीच सांगितलं, "भाची हाय माझी, नगरला सोडा." मला गोण्यांमागं बसवलं. मी म्हटलं, मामा तुम्हीपण चला. तर म्हणाले, "मी कुठं जाऊ? गुरं उपाशी ऱ्हातील."

केडगावला टेम्पो चहासाठी थांबला तिथंच उतरले. पुढं बाजारात गावची माणसं असतात. समोर पिठाची गिरणी होती. एक बाई दळणाची गोणी रिक्षात चढवत होती, तिला उचलेना. मी हात लावला. तिनं विचारलं, "कुठं चाललीस?" मी म्हटलं, "तुमच्यासंगं." असं कसं बोलले कुणास ठाऊक. त्याच झुंबरबाई. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, रिक्षात सरकून जागा केली.

राहून राहून वाटतं, मी चोरी केली. दुसऱ्याच्या घरचं माणूस पळवलं. ते माणूस मीच होते, एवढंच.

४ ऑगस्ट
झुंबरबाईंनी पगार हातात ठेवला. मी विचारलं, कुणाला देऊन यायचे?
"कुनाला म्हंजे? तुजे हायेत."
मी परत त्यांच्या पुढ्यात ठेवले. म्हटलं, मी जेवते की इथं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, पोस्टात खातं काढू तुझ्या नावानं. "पन नाव आत्ताच घालायला नगं. तुला वाटंल तवा सांग, काय घालायचं त्ये."
राहीच घालायचं की. त्यात काय सांगायचं? कधी कधी त्या कोड्यात बोलतात.

झुंबरबाईंच्या कपाळावर कुंकू आहे, पण पायात जोडवी नाहीत. नवऱ्याचं नाव कधी निघत नाही. डाव्या मनगटाशी जुन्या भाजल्याचा डाग आहे. चुलीचं काम म्हटल्यावर भाजायचंच.

१९ ऑगस्ट
नागपंचमी. मुलींनी मागच्या कडुलिंबाला झोका बांधला. रुमानानं मेंदीचे कोन केले आणि सगळ्यांच्या हातावर काढत बसली. ती श्रीरामपूरची, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मलाही बसवलं. मी म्हटलं, पिठात हात असतात, कशाला? तिनं ऐकलं नाही.

मेंदी काढता काढता विचारायला लागली. "राहीताई, याआधी कुठं होतात?"
"एका घरी."
"पगार मिळायचा?"
"जेवायला मिळायचं."
"सोडून जायचं म्हटलं तर जाता यायचं?"
मी हात मागं घेतला. नक्षी फिसकटली. ती म्हणाली, "सॉरी. पुन्हा नाही विचारणार." आणि परत पहिल्यापासून काढली.

वकील पोलिसांच्या बाजूचे असतात. आजपासून तिच्यापासून लांब राहायचं. मेंदी मात्र लई रंगली. दोन्ही हात सारखे उघडून बघत होते.

२६ नोव्हेंबर
कित्येक दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलंच नाही, आणि त्यातच बरं वाटत होतं. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं होतं. रेक्टर विजयमाला मॅडम, झुंबरबाई आणि मी, तिघीच. मॅडम इथंच वरच्या मजल्यावर राहतात, कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आहे. त्यांनी मला त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसवून चहा दिला. कप हातात घेऊन मी उभीच राहिले. मॅडमही मग उठल्या, आणि उभ्यानंच चहा प्यायल्या. का ते कळलं नाही. त्यांच्या गुडघ्याला त्रास आहे, त्यांनी बसायला हवं होतं.

पण आज घडलं. सुट्टी संपून मुली आल्या, त्यात एक नवी आहे, सायली. ताट घेऊन माझ्यासमोर आली आणि थबकली. मीही ओळखलं. मळ्याशेजारच्या शाळेतल्या गुरुजींची मुलगी. रोज दूध न्यायला यायची. तिनं ताट पुढं केलं, मी भाकरी घातली.

पुढच्या दोन भाकऱ्या माझ्या हातून तव्यावर करपल्या. झुंबरबाईंनी पाहिलं. मला उठवून स्वतः तव्यापुढं बसल्या.

१ डिसेंबर
सायली रोज येते, जेवते, जाते. कुणाला काही सांगितलेलं दिसत नाही. आज सगळ्या गेल्यावर ताट ठेवायला मोरीशी आली आणि हळूच म्हणाली, "चांगुणाताई."
मी म्हटलं, माझं नाव राही.
"बरं, राहीताई. मी कुणाला सांगणार नाही. पण एक तुम्हाला माहीत असायला हवं." तिचे डोळे भरले होते. "सहादूबाबांनीच तुम्हाला पळवलं असं मालक म्हणतात. आता त्यांना बाजाराला जाऊ देत नाहीत. दिवस मावळला की कडब्याच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावतात. दूध आणायला गेले तेव्हा मी बघितलं. पायाला जखम आहे, लंगडतात. माझ्या बाबांनी बोलून बघितलं तर मालक म्हणाले, गुरुजी, तुमच्या बदलीचं बघू का?"

मामांना अंधाराची भीती वाटते. गोठ्यातसुद्धा कंदील बारीक करून ठेवायचे. हे मळ्यावर मी सोडून कुणाला माहीत नाही.

२ डिसेंबर
आज जे झालं ते सगळं लिहायला हवं.

सकाळी पोह्यांचं उरकलं आणि मी पिशवी घेतली. दुसरं लुगडं, फणी, ही डायरी. कुणाला न सांगता मागच्या दारानं निघून माळीवाड्याच्या स्टँडवर गेले. विचार सोपा होता. मी परत गेले की मामांना सोडतील. ज्याच्या बदल्यात जे ठेवलं, ते आलं की दुसरं सुटतं. गहाणाचा नियमच आहे.

श्रीगोंद्याची गाडी लागायची होती. बाकड्यावर बसले होते, तर शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. झुंबरबाई. मला मागच्या दारानं जाताना पाहिलं असणार. धापा टाकत होत्या, पदराला अजून हळद लागलेली. मला वाटलं, आता ओढत नेतील. त्यांनी फडक्यात बांधलेली भाकरी नि ठेचा माझ्या मांडीवर ठेवला.
"जायचं तर जा. पन खाऊन जा."
मी म्हटलं, "तुम्ही मला अडवणार नाही?"
"अडवलं तर माझ्यात नि त्यांच्यात फरक काय ऱ्हायला?"

मी खायला लागले. त्या बोलत राहिल्या, समोर गाड्यांकडं बघत. "मी पन एकदा आशीच स्टँडवर बसले हुते. सोलापूरला. पोटात काय न्हवतं. ह्यी गाडी धरू का ती, काय सुदरत न्हवतं. कुनीतरी खाऊ घालाया पायजे हुतं." कुठं जायला निघाल्या होत्या ते मी विचारलं नाही. माहेरी असतील.

मग मीच सांगितलं. माझं नाव राही नाही.
"मला ठावं हाय. पयल्या दिशी तीनदा हाक मारली राही म्हनून, तू वळली न्हाईस."
"मग विचारलं का नाही?"
"तुला सांगावंसं वाटाया नगं का?"

श्रीगोंद्याची गाडी लागली. कंडक्टर ओरडला, माणसं चढली. मी भाकरी हातात घेऊन तशीच बसून राहिले. गाडी गेली. झुंबरबाई उठल्या नाहीत, चल म्हणाल्या नाहीत. मी उठल्यावरच त्या उठल्या.

३ डिसेंबर
विजयमाला मॅडमच्या खोलीत बसलो होतो, झुंबरबाई, रुमाना, सायली आणि मी. मी सगळं सांगितलं. या वेळी खुर्चीवर बसले.

रुमाना म्हणाली, "ताई, तुम्ही गुन्हा केलेला नाही. असं माणूस बांधून ठेवणं हाच गुन्हा आहे. वेठबिगारी कायद्यानं बंद होऊन वीस वर्षं झाली. उचलही गेली, अंगठाही गेला. कुणी काही मागू शकत नाही."
मी विचारलं, "मग मालकांना कुणी कळवलं नव्हतं का?"
मॅडमनी चष्मा काढून पुसला.

मी मळ्यावर गेले पंधरा वर्षांमागं. म्हणजे गेले तेव्हाच ते बंद झालेलं होतं. आईच्या मातीला मी जाऊ शकले असते.

मला राग आला असं नाही. स्वयंपाकघरात येऊन भेंडी चिरायला घेतली आणि सगळी चिरून झाल्यावर लक्षात आलं, आजची भाजी भेंडीची नव्हती.

मॅडम म्हणाल्या, अर्ज तुझ्या नावानं करावा लागेल. खऱ्या. विचार करून सांग, घाई नाही. मी म्हटलं, मामांना घाई आहे. तिथंच सही केली. चांगुणा सोपान, पुढं आडनाव. सही पहिल्यांदाच केली. दोन ओळींत मावली नाही.

८ डिसेंबर
मालक आले.

स्टँडवर गावच्या कुणी पाहिलं असणार. आज रविवार, मुलींचे पालक भेटायला येतात, त्यांच्याबरोबर फाटकातून आत आले. बरोबर दोन माणसं. मी स्वयंपाकघराच्या जाळीतून पाहिलं. पांढरे कपडे, हातात टोपी, अगदी नम्र. मॅडमना हात जोडले.
"बाई, आमच्या घरची मुलगी तुमच्याकडं आलीय. मनावर जरा परिणाम झालाय तिच्या. आमच्या मंडळींनी रडून डोळे सुजवलेत. घेऊन जायला आलो."
"असं का? बसा ना," मॅडम म्हणाल्या. "घरचीच मुलगी म्हणता. पूर्ण नाव काय तिचं?"
"चांगुणा."
"वडिलांचं नाव?"
मालक थांबले. बरोबरच्या माणसाकडं पाहिलं. त्यालाही आलं नाही.
"लहानपणापासून आमच्यातच वाढली हो. बापाचं नाव काय करायचं?"

आणि मग त्यांनी हाक मारली. मॅडमना ओलांडून, थेट आत. "चांगुणे! चल."

जे झालं ते खरंखरं लिहिते. मी पदराला हात पुसले आणि दाराकडं चालू लागले. कुणी ढकललं नाही. पाय आपले आपण निघाले. रुमानानं माझं मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. तेवढ्यानं मी थांबले. तोवर झुंबरबाई लाटणं हातात घेऊन माझ्यापुढून दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मालकांना म्हणाल्या, "हितं चांगुणा कामाला हाय. पगारी. तिला भेटायचं आसंल तर तिला इचारून सांगते, भेटायचंय का."
आणि खरंच वळून मला विचारलं, "भेटायचंय?"
मी मान हलवली. नाही.
"न्हाई म्हनती," झुंबरबाईंनी सांगितलं.

मॅडमनी शांतपणे कळवलं की अर्ज प्रांतसाहेबांकडं गेलाय, बोलायचं ते तिथं बोला. मालकांनी टोपी घातली. जाताना एवढंच म्हणाले, "पोटच्या पोरीसारखी सांभाळली. उपकाराची फेड आहे ही."
ते वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं. झुंबरबाईंना विचारलं, मी उपकार विसरले का?
"त्यांच्या पोटच्या पोरीला आंदनात कुनाला दिली का त्यांनी?"

९ जानेवारी १९९७
नवी डायरी घेतली, माझ्या पैशानं. वार बरोबर आहेत.

आज मळ्यावर गेलो. अर्ज केल्यापासून मॅडम किती वेळा कचेरीत गेल्या असतील, त्याच जाणे. प्रांतसाहेब, तलाठी, दोन पोलीस एका जीपमध्ये, मॅडम, रुमाना आणि मी मागच्या गाडीत. साहेब मला म्हणाले, तुम्ही गाडीतच बसा, गरज पडली तर बोलावू. मला तेच हवं होतं. उसाचा वास आला तेव्हापासून पदर नाकाला लावून बसले होते.

काच खाली होती, सगळं ऐकू येत होतं. मालक आणि आक्का ओसरीवर. सहादूमामांना गोठ्यातून बोलावलं. उजवा पाय ओढत आले. एवढ्या दिवसांत निम्मे झाले होते.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही इथं कोण?"
"मी? मी घरचाच हाय, सायेब."
"पगार मिळतो?"
"पगार कशाला? जेवतो की."
"बाहेर जाता येतं?"
मामांनी मालकांकडं पाहिलं. "काय कामच पडत न्हाई बाहीर."
"रात्री खोलीला कडी लावतात म्हणे?"
"वारं लागतं सायेब. म्हनून."
"इथून जायचंय तुम्हाला?"
"न्हाई सायेब. बरं चाललंय माजं."

मालक हसले. तलाठ्यानं पेनाला टोपण लावलं. प्रांतसाहेब मॅडमकडं बघायला लागले, जसं काही आता मी तरी काय करू.

मी दार उघडून उतरले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ओसरीसमोर जाऊन नुसतं म्हटलं, "मामा."

त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचं तोंडच बदललं. लंगडत धावतच आले माझ्याकडं, मला दोन्ही हातांनी मागं ढकलायला लागले. "पोरी, तू कशाला आलीस? पळ! तुलाबी कोंडतील! पळ आदी!"

साहेब खुर्चीवरून उठले.
"कोण कोंडेल, बाबा?"
मामांनी एकदा मालकांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग मान खाली घालून रडायला लागले. लहान मुलासारखे. तलाठ्यानं पेनाचं टोपण काढलं.

खोली उघडून पाहिली. आत कडबा, एक गोधडी, एक डबा. कडी बाहेरून. आतल्या अंगाला दारावर नखांचे ओरखडे होते. मॅडम आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

आक्का माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, "चांगुणे, माझ्या माधुरीला दिवस गेलेत. तिच्या सासरी कुणी नाही बघ करायला." मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हटलं, "तिला सांगा, मी आठवण काढते." एवढंच बोलता आलं.

लिहिणं-सह्या झाल्या. साहेब मामांना म्हणाले, "चला बाबा, तुम्ही मोकळे आहात." मामा जागचे हलले नाहीत. ओसरीकडं वळून म्हणाले, "मालक, जाऊ का?"
"आता त्यांना विचारायचं नाही," साहेब म्हणाले.
"मग कुनाला इचारू?"
मग मामाच म्हणाले, गुरांना पाणी दाखवायचं राहिलंय. सगळे थांबले. प्रांतसाहेब, पोलीस, मालक, सगळे उन्हात उभे. मामांनी एकेक जनावर सोडून हौदावर नेलं, पाठीवरून हात फिरवला, परत बांधलं. मी त्यांच्याबरोबर बादल्या उचलल्या. मग ते गाडीत माझ्याशेजारी बसले. नगर येईपर्यंत माझी ओंजळ धरून होते.

१५ जानेवारी
मॅडमनी मामांना बागेच्या कामावर घेतलं. फाटकाजवळची माळ्याची खोली दिली. आत बल्ब आहे, ते रात्रभर लावून झोपतात. वीज फार जळते, मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, जळू दे.

पायाची जखम डॉक्टरांनी साफ केली. भरत आलीय. मालकांवर गुन्हा दाखल झाला, जामिनावर घरी आहेत. रुमाना म्हणते केस बरीच वर्षं चालेल, आणि साक्षीला मला पुन्हा त्यांच्यासमोर उभं राहावं लागेल. राहीन. सायलीच्या वडिलांची बदली झाली. त्या दिवशी ती जेवली नाही. मी तिच्यासाठी वेगळं थालीपीठ लावून वर नेलं. म्हणाली, "बाबा म्हणतात, बरं झालं, इथं मान खाली घालून शिकवत होतो."

पोस्टात खातं काढलं. नाव घातलं.

२३ जानेवारी
मामांची काळजी वाटते. भल्या पहाटे उठून बाग झाडतात, मग मेसचं अंगण, मग समोरचा रस्ता. कुणी काही सांगितलं की अर्धं ऐकूनच धावतात. मुलींनी गमतीनं म्हटलं, बाबा, चंद्र आणून द्या, तर "व्हय व्हय" म्हणून उठले. मुली हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. संध्याकाळी त्यांना खोलीत जा म्हणून कुणीतरी सांगावं लागतं, नाहीतर दाराशी उभे राहतात.

मी म्हटलं, मामा, हे आपलं घर आहे. "व्हय," म्हणाले. ते सगळ्यालाच व्हय म्हणतात.

१६ फेब्रुवारी
रविवार. दुपारी मेस आवरून आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो. झुंबरबाई डाळ निवडत होत्या, मामा उन्हात पाय पसरून. संध्याकाळी मॅडमकडं पाहुणे येणार होते. झुंबरबाई म्हणाल्या, "सहादूबाबा, तेवढी कोथिंबीर आना बरं कोपऱ्यावरनं."

मामा उठायला लागले. एक हात जमिनीवर टेकला. मग थांबले. हात तसाच. मी म्हणणार होते की मी जाते, पण त्यांच्या तोंडाकडं बघून गप्प राहिले.

"न्हाई," मामा म्हणाले.

झुंबरबाईंचा सुपातला हात थांबला.

"आत्ता न्हाई जात," मामा म्हणाले. "ऊन बरं वाटतंय. बसतो जरा." आणि बोलल्याबरोबर घाबरले. मान आत ओढून घेतली, खांदे वर. पुढं काय होणार ते अंगाला पाठ होतं त्यांच्या. माझ्याही. मी नकळत त्यांच्यापुढं सरकले होते.

झुंबरबाईंनी सूप बाजूला ठेवलं. पदरानं डोळे पुसले, का ते मला या वेळी कळलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग बसा. च्या टाकते."